मुंबईच्या घंटा, पांढरवाडीच्या गाई

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः ज्यांचा काहीएक संबंध नाही अशांस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, यंदाच्या पोळ्यानंतर निजाम सरकारच्या मुलखात, गोदाकाठच्या पांढरवाडी या गावी जी आणीबाणी उद्भवली, तिला कोणतीही परकीय सत्ता, कोणताही पापग्रह किंवा कोणाचीही सासू जबाबदार नाही. जबाबदार आहे एक लाकडी पेटी. ती पेटी पुण्याहून तिथवर मी स्वतः नेली, हे खरं. पण त्या नाटकात माझी भूमिका हमालाची होती. नाटक लिहिलं होतं आमच्या दाजींनी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घनसावंगीच्या बाजूला त्यांची जमीन आहे, वाडवडिलांपासूनची. माणूस सोन्यासारखा, पण उतारवयात काही लोक भजनाला लागतात, तसे हे सुधारणेला लागले आहेत. आधी लोखंडी नांगर आला. मग तबकड्यांवर गाणी वाजवणारा फोनो आला. मग दुर्बीण आली. ती कशासाठी, हे अजून ठरलेलं नाही. यंदा त्यांच्या मनात आलं की, पोळ्याच्या दिवशी गावातल्या प्रत्येक दावणीच्या गाईगुरांना मुंबईच्या कारखान्यात घडलेली पितळी घंटा भेट द्यायची. सगळ्या घंटा एका मापाच्या, एका वजनाच्या, एका आवाजाच्या. गावात तशी दवंडीही पिटून झाली. मला पत्र आलं: ‘मेहुणे, पेटी मुंबईहून तुमच्या घरी पोचेल. ती जपून आणावी. जमल्यास सोबत स्वतःही यावे.’

या क्रमावरून माझा मान किती, ते सुज्ञांना कळलंच असेल.

जालना

घंटांची पेटी घेऊन आगगाडीत बसणं म्हणजे काय, याचा अनुभव नसलेल्या वाचकांनी कीर्तनाला एकट्यानं उभं राहून पाहावं. गाडीला धक्का बसला की पेटी वाजायची, आणि डब्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघायची. मनमाडला गाडी बदलून निजामच्या रेल्वेत बसलो, तशी मंडळी अधिक भाविक निघाली. बदनापूरला एक म्हातारी चढली. पेटीचा आवाज ऐकून तिनं आधी हात जोडले, मग पदराच्या गाठीतलं फूल सोडून पेटीवर वाहिलं.

‘‘कंचा देव हाय, बाबा?’’

‘‘मुंबईचा,’’ मी म्हणालो.

‘‘लई लांबून आला गं बाई,’’ म्हणत तिनं पुन्हा एकदा डोकं टेकलं. तिची श्रद्धा मोडण्याचं पाप मी केलं नाही. शिवाय पेटीवर फूल पाहून लोक तिच्यावर पाय ठेवेनासे झाले, हाही फायदा होताच.

जालन्याला उतरलो आणि करोडगिरीच्या अंमलदारानं अडवलं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. पुण्यात आमचा शेजारी चौकशा करतो, तेवढ्याच आस्थेनं हे खातं प्रवाशाच्या सामानाची चौकशी करतं. अंमलदार रुबाबदार गृहस्थ होते. मेंदी लावलेली दाढी, उंच काळी टोपी.

‘‘क्या है इसमें?’’

‘‘घंटा. गाईच्या.’’

‘‘इत्ते सारे? मंदिर खोल रैं क्या?’’

आत सोनंबिनं दडवलेलं नसावं म्हणून त्यांनी शिपायाला प्रत्येक घंटा वाजवून बघायला सांगितलं. शिपायानं एक वाजवली. दुसरी वाजवली. तिसरी वाजवली. अंमलदार खुर्चीत पुढे सरकले. चौथीला त्यांनी डोळे मिटले. पुढे तर ते स्वतःच उठून वाजवू लागले. फलाटावर गर्दी जमली.

‘‘कमाल है!’’ ते म्हणाले. ‘‘सब एकीच बोल रैं! एक बी अलग नै!’’

‘‘कारखान्याच्या आहेत, साहेब.’’

‘‘तबीच तो. आदमी का हाथ रैता तो एकाध तो झगड़ा करतीच.’’

असं म्हणून त्यांनी मला पान दिलं, रीतसर पावती दिली आणि पेटीला जवळजवळ सलाम केला. ते वाक्य मी तेव्हा पानाबरोबर चघळून विसरून गेलो. आठवायला हवं होतं.

पांढरवाडी

जालन्याहून पुढचा बैलगाडीचा प्रवास मी वगळतो. माझ्या कमरेला तो अजून वगळता आलेला नाही.

अक्काच्या हातचं पहिलं जेवण मात्र वगळणार नाही. गरम ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, आणि येसराची आमटी. येसर हा भाजून दळलेला मसाला असतो; त्याची आमटी पहिल्या घासाला गोड बोलते आणि तिसऱ्या घासाला खरं बोलते. मी डोळे पुसत विचारलं, ‘‘अक्का, चिमूटभर गूळ नाही का गं घालत?’’

‘‘बंडू,’’ अक्का म्हणाली, ‘‘पुण्यात तुम्ही आमटीत गूळ घालता आणि बोलण्यात मिरची. इथं उलट आहे.’’

संध्याकाळी तिच्याबरोबर मारुतीच्या देवळाकडे निघालो. पारावर एक काटक म्हातारा बसला होता, मांडीवर काठी, मुंडासं तिरपं. अक्कानं त्याला हाक मारली, ‘‘राणूबा, माझा भाऊ आलाय पुण्याहून.’’

‘‘आल्ता तवाच बघितलं की!’’ म्हातारा मान वर करून म्हणाला. ‘‘मळ्यापासनंच बघून राह्यलो. राम राम, पाव्हणं. टोपी झकास हाय बरं का!’’

माझ्या डोक्यावर लाल पगडी होती. चांगली कोसभर लांबून दिसावी अशी. मी तोंड उघडलं, तोच अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ‘‘हो, हो, नवी आहे’’ म्हणून मोकळा झालो.

पुढे गेल्यावर तिनं सांगितलं. राणूबा गावाचा गुराखी. उभा जन्म गावाची गुरं राखली. गेली काही वर्षं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं.

‘‘मग गुरं कशी राखतो?’’

‘‘घंटांवर. प्रत्येक गाईची घंटा निराळी वाजते. तो बांधावर बसतो आणि ऐकतो. हरणी मुगात शिरली की बसल्या जागेवरून ओरडतो, ‘ए हरणे, मूग सोड!’ गाईला वाटतं, मेल्याचे डोळे काय तीक्ष्ण आहेत. ती माघारी फिरते.’’

‘‘आणि गावाला ठाऊक आहे?’’

‘‘सगळ्यांना. त्याला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि गावाला ते माहीत नाही, असं त्याला माहीत आहे. कळलं? फक्त ह्यांना खरंच ठाऊक नाही. ह्यांना सांगितलं असतं, तर ह्यांनी दयाळूपणानं दुसऱ्याच दिवशी राणूबाला घरी बसवलं असतं आणि घरपोच धान्य सुरू केलं असतं. मागे पुढे कोणी नाही रे त्याला. त्याला धान्य नकोय, गुरं हवीत.’’

मी चालता चालता थांबलो. पानाबरोबर चघळलेलं वाक्य परत तोंडात आलं.

‘‘अक्का, त्या पेटीतल्या घंटा... सगळ्या एकसारख्या वाजतात.’’

‘‘म्हणजे साधारण.’’

‘‘साधारण नाही. हुबेहूब.’’

अक्का हसली. तिला पटेना. दवंडी तिनंही ऐकली होती, पण एका आवाजाच्या म्हणजे चांगल्या आवाजाच्या, असाच अर्थ गावानं घेतला होता. जन्मात दोन घंटा एकसारख्या वाजलेल्या तिथं कोणी ऐकल्याच नव्हत्या. घरी येऊन मी दोन घंटा काढून वाजवल्या. मग आणखी दोन. अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

‘‘जुन्या कुठे आहेत?’’ मी विचारलं.

तिनं देवळाकडे बोट दाखवलं. दाजींनी गावभरच्या जुन्या घंटा आधीच गोळा केल्या होत्या आणि घनसावंगीच्या ओताऱ्याकडून, म्हणजे पितळेचं ओतकाम करणाऱ्याकडून, त्या वितळवून मारुतीसाठी एक भली थोरली घंटा करून घेतली होती; तेव्हापासून पोळ्यापर्यंत गुरं दावणीलाच होती. ती वाजली की देवळाच्या कळसावरची कबुतरं सहकुटुंब परगावी जातात.

पोळा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ आमच्याकडे माणसालासुद्धा इतक्या अगत्यानं बोलवत नाहीत. जेवून आला असालच, असं गृहीत धरतात. दुसऱ्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण, रंगवलेली शिंगं, झुली, वाजंत्री. दाजी कोशाचा रेशमी फेटा बांधून उभे. एकेका घरचं जनावर पुढे येई, आणि दाजी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घंटा बांधत. गाईंचा मान नसतो त्या दिवशी, पण या वर्षी गाईंचाही झाला. गाव खूश होतं. घंटा खरोखर देखण्या होत्या. उन्हात अशा लखलखत की प्रत्येक गाय नव्या नवरीसारखी मान वेळावून चालत होती.

राणूबा वेशीच्या कडेला उभा होता. पहिल्या चारपाच घंटा वाजल्या तेव्हा तो हसत होता. मग त्यानं मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. जिथून तिथून एकच घंटा वाजत होती. जत्रेत पोराचा हात सुटावा, तसा त्याचा चेहरा झाला.

‘‘कशा काय आहेत घंटा, राणूबा?’’ दाजींनी विचारलं.

‘‘लई चकाकून राह्यल्यात, मालक,’’ राणूबा म्हणाला.

पुरणपोळी त्या दिवशी उत्तम झाली होती. अक्कानं एकच खाल्ली, यावरून काय ते समजा.

गायरान

गणपती आमच्याकडे धाकट्या भावाच्या घरी बसतो, त्यामुळे अक्कानं मला सोडलं नाही. ‘‘तू आणलंस, आता निस्तरायलाही थांब,’’ म्हणाली. म्हणून मी राणूबाबरोबर गायरानावर जाऊ लागलो.

तो बांधावर बसे. मी शेजारी. समोर गुरं पसरलेली, एका बाजूला मुगाची शेतं, दुसऱ्या बाजूला दाजींचा कापूस, पलीकडे शेजारच्या गावाची शीव. मुगात घंटा वाजली की राणूबा ताडकन उठे.

‘‘ए हरणे! मूग सोड म्हंतो ना!’’

हरणी माझ्या पायाशी बसून साध्वीसारखी रवंथ करत होती. अब्रूवर शिंतोडे उडालेल्या बाईनं पाहावं, तसं तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मुगात होती कपिला. तिला कोणी नावानं हाक मारली नाही, म्हणून ती निवांत खात राहिली. नावानिशी ओरडा पडत नाही तोवर तो आपल्याला नाही, हा नियम गाईंना आणि नगरपालिकेच्या सभासदांना सारखाच लागू आहे.

मी कुजबुजलो, ‘‘कपिला आहे वाटतं.’’

‘‘दिसून राह्यलंय मला!’’ राणूबा खेकसला. ‘‘हरणीला आधीच ताकीद देऊन ठेवली. तिचा बी इचार तोच व्हता.’’

मी एकटा किती गाईंवर नजर ठेवणार? मला तर ढवळी आणि मोरी यांत शिंगांपलीकडे फरक कळत नव्हता. गुरं कापसात गेली. गुरं मुगात गेली. शेवटी एका संध्याकाळी पाचसहा गुरं आलीच नाहीत. शेजारच्या गावानं ती आपल्या शेतात धरून कोंडवाड्यात घातली होती. दाजींना स्वतः जाऊन ती सोडवून आणावी लागली, आणि कोंडवाड्यावरच्या माणसानं वर विचारलं, ‘‘मालक, एवढ्या झकास घंटा बांधल्या, मंग गुराखी का न्हाई ठिवला?’’

हे दाजींना लागलं. पारावर चार लोकांदेखत ते म्हणाले, ‘‘राणूबा आता थकला. दसऱ्यापासून गुरं दुसऱ्याच्या हाती देऊ. राणूबाला काही कमी पडू देणार नाही.’’

कोणी काही बोललं नाही. बोलायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर राणूबाच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी बांधावर राणूबा काठीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, ‘‘मालक म्हंतेत घरी बस. आरामात बस. पर घरात बघण्यासारखं काय हाय, पाव्हणं? भिंती. त्या तर वाजत बी न्हाईत.’’

आपण काय बोलून गेलो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि उगाच झटकत बसलो.

दुर्बीण

माझी बहीण लहानपणी माझ्याकडून चिंचा काढून घ्यायची, पण मीच त्या प्रेमानं दिल्या असं मला वाटेल अशा रीतीनं. त्या दिवशी जेवताना तिनं तोच आवाज लावला.

‘‘अहो, तुमचंही खरंच आहे. गुरं राखण्यात असं काय मोठं? उद्या एक दिवस तुम्हीच जा की. तुमच्याकडे तर दुर्बीण आहे.’’

दाजींचे डोळे चमकले. दुर्बिणीला अखेर काम मिळालं होतं.

सकाळी आम्ही निघालो. दाजींच्या हाती दुर्बीण, बगलेत छत्री. माझ्या हाती धपाट्यांचा डबा आणि दह्याचं गाडगं. राणूबाला सुटी. दाजींनी टेकाडावर ठाण मांडलं आणि सेनापतीसारखी दुर्बीण फिरवली.

‘‘पाहा मेहुणे, विज्ञान! ती मोरी. तिच्या कानावरची माशीसुद्धा दिसते.’’

माशी दिसत होती, यात शंका नाही. पण दाजी मोरीच्या कानावरची माशी पाहत असताना तांबडी कापसात गेली. ते तांबडीकडे वळले, तेव्हा ढवळी शिवेवर पोचली. ढवळीला मी वळवायला धावलो, तोवर हरणीनं दह्याचं गाडगं पालथं केलं. चारी दिशांनी घंटा वाजत होत्या, सगळ्या एकच गोष्ट सांगत होत्या: ‘इथे एक गाय आहे.’ कोणती, ते सांगायला एकही तयार नव्हती. दुपारपर्यंत दाजींचा फेटा बाभळीला अडकला होता आणि आवाज बसला होता. संध्याकाळी आम्ही गुरं घेऊन परतलो, म्हणजे जी आमच्याबरोबर यायला तयार होती ती. उरलेली आमच्या आधीच घरी पोचली होती.

हातपाय धुऊन दाजी ओसरीवर बसले. फोनो लावला नाही.

‘‘हा म्हातारा दुर्बिणीशिवाय कसं करत होता?’’

‘‘कानानं,’’ अक्का म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं.

दाजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘मला का नाही कोणी सांगितलं?’’

‘‘तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही एकदम घंटाच मागवल्या.’’

मला वाटलं, आता चिडतील. पण सोन्यासारखा माणूस, हे मी आधीच लिहिलंय. ते मिशी चोळत बसले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘राणूबाला कळू देऊ नका हं, की मला कळलंय.’’

अशा रीतीनं दाजीही गावात आले.

घनसावंगी

दुसऱ्या दिवशी पारावर दाजींनी घसा खाकरून जाहीर केलं की, मुंबईच्या घंटांचं पितळ इकडच्या हवेला मानवत नाही, सबब त्या वितळवून पुन्हा ओतवण्यात येतील. ‘‘बराबर हाय,’’ सगळं गाव एका आवाजात म्हणालं. ‘‘बिलकुल मानवत न्हाई.’’ पेटी पुन्हा भरली. नव्या घंटा पारखायला म्हणून राणूबालाही गाडीत घेतलं. ‘‘आमच्यात नजर त्याचीच तयार आहे,’’ दाजी गंभीरपणे म्हणाले. राणूबानं मुंडासं नीट केलं.

गंगाराम ओतारी हा मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या तक्रारींचा मनुष्य. कोळसा महाग, गिऱ्हाईक कंजूष, जावई नालायक. हे सगळं त्यानं आम्ही गाडीतून उतरेपर्यंत सांगून टाकलं. आम्ही पेटी उघडली. त्यानं एक घंटा उचलली, नखानं वाजवली. दुसरी वाजवली. तिसरी. आणि आमचा अंदाज होता की आता कारखान्याच्या नावानं बोटं मोडेल, तर त्याच्या डोळ्यांत पाणी!

‘‘हे बघा,’’ तो म्हणाला. ‘‘हे बघा काम! याला म्हंत्यात हात!’’

‘‘हात नाही, यंत्र आहे,’’ मी म्हणालो.

‘‘कुनी का आसंना. माझ्या बापानं सारा जनम घातला, दोन घंटा एका आवाजाच्या करायला. न्हाई जमलं. मरताना म्हन्ला, गंग्या, तू जमव. माझं बी न्हाई जमलं. मेण तेच, माती तीच, पितळ तेच; पर बाहीर निघाली की एक हिकडं बोलती, दुसरी तिकडं.’’

मग त्यानं मला कारण दाखवलं. आधी मेणाची घंटा करायची, तिच्यावर चिकणमातीचा थर द्यायचा, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. घंटा बाहेर काढायची तर मातीचा साचा फोडावाच लागतो. दुसऱ्या घंटेला पुन्हा नवं मेण, नवी माती, नवा साचा. कारखान्याचा साचा लोखंडी. तो फुटत नाही, म्हणून त्याच्या पोटी सगळ्या सारख्याच.

‘‘आणि ह्या वितळवू म्हन्ता? मी न्हाई. पाप लागंल.’’

दाजींनी समजावलं, की आम्हाला एकसारख्या नकोत. प्रत्येक निराळी हवी.

‘‘मुद्दाम येगळ्या? मुद्दाम बिघडवू? मंग आजवर मी काय केलं?’’

इथे मी, पुण्याचा असल्यामुळे, मदतीला धावलो. ‘‘अहो, तेच! आजवर करत आलात तसंच करायचं.’’

पुढचे काही क्षण गंगाराममामांनी माझ्याबद्दल, पुण्याबद्दल आणि पगड्यांबद्दल जे काढलं, ते छापण्यासारखं नाही. चहा उकळत होता, तो चुलीवरून उतरवला गेला आणि आम्हाला दिला गेला नाही.

तेवढ्यात गाडीत बसलेला राणूबा खाली उतरून चाचपडत आत आला.

‘‘कशाला वरडून राह्यला रं, गंग्या? खरंच तर हाय. तुझी घंटा कधी दुसरीवानी वाजली व्हती? तुझ्या बापाची वाजली? कपिलेची घंटा चिरकी. हरणीची दबल्या आवाजाची, चोरावानी. मोरीची तर अर्धी वाजायची अन् अर्धी गिळायची.’’

‘‘मोरीच्या घंटेत हवा ऱ्हायली व्हती,’’ गंगाराम ओशाळून म्हणाला. ‘‘मी बापाला तवाच म्हन्लो व्हतो, ही इकू नका.’’

‘‘मंग त्याच घंटेवर माझं पोट भरलं, लेका. तू येगळी केली म्हणून ती मला...’’ राणूबा अडखळला. ‘‘म्हणून ती मला दिसली.’’

गंगारामनं राणूबाच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. दाजी छताकडे बघत होते. मी भट्टीकडे.

पुण्यात हस्तकौशल्यावर मी चिकार व्याख्यानं ऐकली आहेत, दोनचार दिलीही आहेत. कारागीर वस्तूत आपला आत्मा ओततो, असं आम्ही त्यात म्हणतो आणि टाळ्या घेतो. गंगाराममामा आत्मा वगैरे काही ओतत नव्हता. तो पितळ ओतत होता आणि ते कालच्यासारखंच निघावं म्हणून देवाला विनवत होता. ते दर वेळी फसत होतं. आणि त्या फसण्यावर, तिकडे दूर बांधावर, एक माणूस सगळं गाव राखत होता. या नात्याचा दोघांनाही पत्ता नव्हता. आता तो लागला.

‘‘ओततो,’’ गंगाराम मिशा पुसत म्हणाला. ‘‘पर आता मुद्दाम येगळ्या ओततो. एक जरी दुसरीवानी वाजली, तर गंगाराम नाव सांगणार न्हाई. अन् ह्यातल्या दोन मुंबईच्या मला ठिवा. दारावर लावीन. बापाला ऐकू येतील.’’

मग चहा मिळाला. थंड होता. दोन वेळा मागून प्यायलो.

वेस

ज्या दिवशी नव्या घंटा बांधल्या, त्या दिवशी गंगाराममामा स्वतः पांढरवाडीला आला. सकाळी एकेक घंटा बांधताना राणूबानं ती कानाशी धरून वाजवली होती, गाईच्या पाठीवर हात फिरवला होता आणि पुटपुटला होता. तेवढ्यावर तो गुरं घेऊन गायरानावर गेला. दिवसभर गाव कामाचं सोंग करत होतं. संध्याकाळी वेशीत सगळे सहज आल्यासारखे जमले. अक्का सहज, दाजी सहज, बायका कडेवर पोरं घेऊन सहज. मीही सहज, दुपारपासून.

धूळ दिसली. मग घंटा ऐकू आल्या. काय सांगू तो आवाज! एक खणखणीत, एक घोगरी, एक नाकात बोलणारी, एक उगाच हसणारी. जणू भांडणारी, पण एकाच घरातली माणसं जेवायला येत होती. राणूबा कळपाच्या पुढे निघून वेशीत उभा राहिला, पाठ कळपाकडे, तोंड आमच्याकडे. मुद्दाम. आणि मागे न वळता एकेका गाईचं नाव घेऊ लागला.

‘‘कपिला आली. सोनाराच्या दारातली मोरी. ढवळे, हळू, पाव्हण्याच्या पायावर पाय दिशील. तांबडी. हरणे, तोंडाला मूग लागलाय तुझ्या, दिसून राह्यलंय मला!’’

एकही चुकलं नाही. हरणीच्या तोंडाला खरंच मूग होता. तो कसा कळला, हे मला आजही माहीत नाही. दाजी पुढे झाले, त्यांनी सगळ्यांदेखत राणूबाच्या हाती नारळ दिला आणि म्हणाले, ‘‘राणूबा, दसऱ्यापासून पुढेही गुरं तुझीच. तुझ्यासारखी नजर गावात दुसरी नाही.’’

‘‘ते तर मला म्हाईतच हाय, मालक,’’ राणूबा म्हणाला, पण नारळ त्यानं छातीशी घट्ट धरला होता. अक्कानं तोंडाला पदर लावला.

सगळ्यात शेवटी दोन गाई जोडीनं आल्या. राणूबाची मान कलती झाली. पहिल्यांदाच तो अडला.

‘‘ही कोण?... न्हाई, थांबा. दोन हायेत. पर एकच वाजून राह्यलीय.’’

वेशीतला सगळा गलका थांबला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे. मग राणूबा खदखदून हसला.

‘‘अरं, कुंभाराच्या मायलेकी! ह्या कधी एकमेकीला सोडून जात न्हाईत. दोघींना मिळून एकच आवाज बास झाला!’’

सगळे हसले. पण गंगाराममामा हसला नाही. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला, आईच्या गळ्याशी वाकला, घंटा वाजवली. लेकीच्या गळ्याशी वाकला, घंटा वाजवली. पुन्हा आईची. पुन्हा लेकीची. त्याच्या मिशा थरथरू लागल्या. मग भर वेशीत, शेणात, दोन्ही गाईंच्या गळ्यांत दोन हात टाकून, आपण काय प्रतिज्ञा केली होती ते साफ विसरून तो माणूस ओरडला:

‘‘जमलं, बाबा! तुझ्या गंग्याला जमलं!’’